दुपारची वीज संध्याकाळपर्यंत कशी पुरवायची?

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत नवे मीटर बसले आणि बिलाचं रूपच बदललं. पूर्वी एकच आकडा असायचा: या महिन्यात इतके युनिट. आता त्याचे तुकडे झाले. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ इतके, संध्याकाळचे इतके, रात्रीचे इतके. शेजारच्या काकू बिल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तार तीच, वीज तीच. मग ती वापरताना घड्याळ कशाला बघायचं?"

साधारण त्याच काळात एक बातमी आली होती. जून २०२५ अखेर देशातल्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्म्याहून थोडी जास्त क्षमता कोळसा, वायू आणि डिझेल यांच्याशिवायची झाली. हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवलं होतं, ते पाच वर्षं आधीच गाठलं. बातमी खरी आहे आणि आनंदाची आहे. पण प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी ७० टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशातून येते, हेही तितकंच खरं आहे. कोळशाशिवायची क्षमता निम्मी झाली, मग कोळशाशिवायची वीज निम्मी का नाही?

काकूंचा प्रश्न आणि हा प्रश्न, दोन्हींचं उत्तर घड्याळातच आहे.

क्षमता वेगळी, युनिट वेगळं

विहिरीवर ५ एचपीची मोटार आहे एवढं सांगितलं तर किती पाणी उपसलं ते कळत नाही. ती किती तास चालली हेही सांगावं लागतं. एचपी ही मोटारीची ताकद. वीजकेंद्राच्या बाबतीत तिला क्षमता म्हणतात आणि ती किलोवॅट किंवा मेगावॅटमध्ये मोजतात. १ किलोवॅट ताकद तासभर वापरली की १ युनिट वीज होते. १,००० किलोवॅट म्हणजे १ मेगावॅट. एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

महाराष्ट्रातल्या गच्चीवर १ किलोवॅटचं सौर पॅनेल बसवलं तर वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. रात्री काहीच नाही, सकाळ-संध्याकाळ थोडंसं. कोळशाच्या केंद्राची तेवढीच क्षमता, दुरुस्तीचा आणि बंद काळ धरूनही, दिवसाला सरासरी १६-१७ युनिट देते. म्हणजे कोळशाच्या एका किलोवॅटची जागा घ्यायला सूर्याचे चार किलोवॅट लागतात. क्षमता निम्मी होऊनही वीज निम्मी का झाली नाही, ते इथे कळतं.

म्हणून मोठमोठ्या मेगावॅटच्या घोषणा वाचताना मी आधी मनातल्या मनात चारने भागतो. तरीही वेग बघून थक्क व्हायला होतं. मार्च २०१४ मध्ये देशाची सौर क्षमता ३,००० मेगावॅटच्याही आत होती. २०२५ च्या सुरुवातीला तिने १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला.

तव्यावरची भाकरी

विजेचा एक स्वभाव आपल्याला सहसा ठाऊक नसतो. ती तारेत साठत नाही. गावच्या पंगतीत चुलीवरची भाकरी थेट ताटात पडते, तसं आहे हे. खाणारे जितके, तितक्याच भाकऱ्या त्या क्षणी थापल्या गेल्या पाहिजेत. कमी पडल्या तर पंगत खोळंबते, जास्त झाल्या तर ठेवायला टोपली नाही.

ही पंगत देशभर पसरलेली आहे. सगळी वीजकेंद्रं आणि सगळे ग्राहक एकमेकांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला ग्रीड म्हणतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची, म्हणजे अतिउच्च दाबाची, वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचं ग्रीड बाकीच्या देशाला जोडलं गेलं आणि भारताचं एकच ग्रीड झालं. आज सोलापुरात पंखा लावला की त्याचा अगदी बारीकसा भार कुठेतरी तमिळनाडूतल्या वीजकेंद्रावरही पडतो.

समतोल सुटला की काय होतं? पिठाच्या गिरणीत एकदम पायलीभर दाणे ओतले की जातं जड होतं, पट्टा मंदावतो, आवाज बदलतो. ग्रीडचंही तसंच. आपल्याकडे विजेचा ठेका सेकंदाला ५० चा असतो. मागणी जास्त झाली की तो ५० च्या खाली घसरतो, निर्मिती जास्त झाली की वर चढतो. फार सुटला तर यंत्रं स्वतःला वाचवायला बंद पडतात आणि अंधार पसरत जातो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारतात ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य भारतही त्यात ओढला गेला आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या भागातली वीज गेली.

आता या पंगतीत सूर्य आला. दुपारी बारा वाजता भराभर भाकऱ्या थापणारी दहा माणसं हजर, आणि जेवायला बसलेले थोडे. संध्याकाळी सात वाजता लोक घरी येतात, दिवे, टीव्ही, एसी, मिक्सर एकदम सुरू होतात. पंगत भरते, आणि नेमकी तेव्हाच ती दहा माणसं घरी गेलेली असतात.

मग कोळशाची केंद्रं दुपारी सरळ बंद ठेवून संध्याकाळी का लावत नाहीत? कारण ती गॅसची शेगडी नाहीत. मोठा बॉयलर थंड झाला की पुन्हा तापवायला बरेच तास जातात, आणि सारखं तापवणं-थंड करणं यंत्राला सोसत नाही. त्यामुळे दुपारी संच बंद न करता साधारण ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून चालू ठेवतात, म्हणजे संध्याकाळी तो वर चढवता येतो. दुपारी खपणार नाही एवढं ऊन आलं, किंवा ती वीज वाहून न्यायला पुरेशा तारा नसल्या, तर सौर केंद्रालाच "थांबा" सांगावं लागतं. राजस्थानात २०२५ मध्ये हे घडत होतं. लख्ख उन्हात तयार होऊ शकणारी स्वच्छ वीज अशी सोडून द्यावी लागते, याची मला मनापासून हळहळ वाटते.

म्हणजे प्रश्न आता पॅनेल बसवण्याचा कमी आणि दुपार-संध्याकाळ यांची गाठ घालण्याचा जास्त आहे. ती गाठ दोन बाजूंनी बांधता येते. दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवून ठेवायची, किंवा संध्याकाळचं-रात्रीचं काम दुपारी आणायचं. दुसरा मार्ग स्वस्त आहे, आणि महाराष्ट्रात त्याला फार मोठा वाव आहे.

रात्रीचं दारं धरणं

माझे थोरले चुलते जुन्नर तालुक्यात शेती करतात. शेतीची थ्री फेज लाईट वर्षानुवर्षं पाळीने यायची: एका आठवड्यात दिवसा ८ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री १० तास. जानेवारीत गव्हाला दारं धरायचं, म्हणजे पाणी द्यायचं असलं आणि रात्रीची पाळी असली की ते बाराच्या सुमारास कानाला मफलर गुंडाळून निघायचे. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. एक वाफा भरला की बारं मोडायचं, दुसऱ्यात पाणी सोडायचं. पायाखाली गार चिखल, बाजूला उसाचा फड, आणि त्या फडात बिबट्या असू शकतो हे प्रत्येकाला माहीत. चुलती झोपायची नाही. दर अर्ध्या तासाला फोन करायची. उचलायला उशीर झाला की दारात येऊन उभी राहायची.

रात्री वीज का? कारण दिवसा कारखाने आणि शहरं भरपूर वीज घ्यायची, आणि रात्री कोळशाची केंद्रं चालूच असायची. त्यांची वीज कुठेतरी खपवायला हवी होती. तो भार शेतकऱ्याच्या झोपेवर टाकला गेला.

सूर्याने हे गणित उलटं केलं आहे. आता स्वस्त वीज दुपारी असते, आणि पिकाला पाणी दुपारी दिलं काय, पहाटे दिलं काय, फारसा फरक पडत नाही. दुपारी दिलेलं पाणी जमिनीत मुरतं, मुळाशी राहतं. तिथे वेगळी साठवण बांधावी लागत नाही. महावितरणच्या हिशेबात राज्यातली सुमारे ३० टक्के वीज शेतीला जाते. एवढा मोठा भार घड्याळाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकवता येणं हे आपल्या राज्याचं भाग्य आहे. सगळ्या राज्यांकडे असं सरकवता येणारं काम नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचारावर उभी आहे. गावातल्या उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचं सौर केंद्र उभारायचं आणि शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी, म्हणजे फीडर, त्याला जोडायची. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली. २०२३ पासून योजनेचा दुसरा, बराच मोठा टप्पा सुरू आहे. त्यातलं पहिलं केंद्र वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये चालू झालं. वीज गावाजवळच तयार होऊन गावातच वापरली जाते, त्यामुळे लांबच्या तारांमधली गळतीही वाचते.

एक काळजी मात्र मनात आहे. मोटार दिवसभर फुकट चालणार असेल, तर भूजल आणखी वेगाने उपसलं जाईल. मराठवाड्यात बोअर आधीच किती खोल गेलेत, ते तिथल्या माणसाला सांगायला नको. सौर फीडरसोबत ठिबक आणि पीकपद्धतीचा विचार झाला नाही, तर विजेचा प्रश्न सोडवताना आपण पाण्याचा वाढवून ठेवू.

सांगलीकडच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनाही हेच सूत्र लागू पडतं. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, जतसारख्या दुष्काळी भागात नेणारे ते अजस्र पंप दुपारी चालवले तर सूर्याच्या विजेला तयार गिऱ्हाईक मिळतं.

घाटघर: डोंगरावरची पाण्याची टाकी

सगळंच काम दुपारी आणता येत नाही. संध्याकाळी स्वयंपाक होणारच, मुलं अभ्यासाला बसणारच. त्यासाठी साठवण हवी.

अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरला एक जलाशय आहे आणि खाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरा. जास्तीची वीज असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं. विजेची ओढ असेल तेव्हा तेच पाणी चारशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली सोडून वीज करायची. याला उदंचन प्रकल्प म्हणतात. घाटघरची क्षमता २५० मेगावॅट आहे आणि तो २००८ पासून आहे. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी हे त्याचंच छोटं रूप. वर चढवायला १०० युनिट खर्च केले तर परत साधारण ७५ ते ८० मिळतात. वीस-पंचवीस युनिटांचा हा तोटा वाटतो खरा, पण दुपारी वाया जाणारी वीज संध्याकाळी हाताशी येत असेल तर तो परवडतो.

कोयना वेगळी आहे. तिथे पाणी परत वर चढवत नाहीत, पण तीही याच कामाची. १,९६० मेगावॅटचं हे केंद्र काही मिनिटांत वर चढू शकतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून ते पाणी दिवसभर उधळायचं नसतं, निकडीच्या वेळेसाठी राखून ठेवायचं असतं.

राज्यात आता आणखी बरेच उदंचन प्रकल्प येऊ घातलेत, त्यातले अनेक सह्याद्रीत. माझं मत स्पष्ट आहे: हवामान वाचवण्यासाठी सदाहरित जंगल आणि देवराया बुडवायच्या नाहीत. आधीच बांधलेल्या धरणांच्या जोडीने, उजाड जागी असे प्रकल्प आधी व्हावेत.

दुसरी साठवण म्हणजे मोठ्या बॅटऱ्या. २०२२ मध्ये देशात निघालेल्या एका मोठ्या निविदेत १ मेगावॅट बॅटरीसाठी महिन्याला १० लाखांहून जास्त दर आला होता. २०२५ मध्ये तसे दर अडीच लाखांच्याही खाली आले. यात सरकारी मदतीचा वाटा आहे, अटीही निविदेगणिक वेगळ्या असतात, तरी उतार खरा आहे. कॅलिफोर्नियात २०२४ मध्येच १०,००० मेगावॅटहून जास्त बॅटऱ्या बसल्या होत्या, आणि तिथे दुपारचं ऊन संध्याकाळच्या जेवणाला पुरवणं हा आता रोजचा व्यवहार आहे.

"पावसाळ्यात काय करणार?"

हा प्रश्न हमखास येतो. आषाढात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हे खरं. पण त्याच दिवसांत साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर उभं राहून बघा. वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, आणि पवनचक्क्या वर्षातली सगळ्यात जोरात फिरत असतात. आपल्याकडे वारा मोसमी आहे, जून ते सप्टेंबर भरात. सूर्य मंदावतो तेव्हा वारा जागा असतो आणि धरणंही भरत असतात. शेतीपंपांची गरजही त्याच काळात कमी असते. काही दिवस तरीही अडचणीचे निघतील, आणि तेवढ्यासाठी काही कोळशाचे संच पुढची बरीच वर्षं राखावे लागतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भारताने कार्बनचा हिशेब शून्यावर आणायला २०७० चं वर्ष ठरवलं आहे, ते याच वास्तवामुळे.

"पॅनेल बनवतानाही प्रदूषण होतंच की!"

होतं. पॅनेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ते साधारण एक-दोन वर्षांत परत देतं. पुढे वीसेक वर्षं तरी ते चालतं. उलट कोळशाचं एक युनिट म्हणजे ६००-७०० ग्रॅम कोळसा आणि जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड, दर वेळी, नव्याने. जुन्या पॅनेलचा कचरा हा मात्र खरा प्रश्न आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेल आणली गेली आहेत, पण उद्याच्या ढिगाला पुरेल इतकी, ती उतरवून घेणारी, वेगळी करणारी व्यवस्था आजपासून उभी राहायला हवी.

जमिनीचा आक्षेप मला याहून गंभीर वाटतो. १ मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. सौर कृषी वाहिनीत खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आहे, त्यामुळे मुरमाड जमिनीच्या मालकाला चांगला आधार मिळतो. पण गायरानावर केंद्र झालं तर मेंढपाळाने जित्राबं न्यायची कुठे? त्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून भाडंही नसतं. ग्रामसभेत त्याला बोलावल्याशिवाय गायरान देऊ नये.

घरातलं घड्याळ

आता काकूंच्या बिलाकडे येऊ. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये नियम बदलले: उन्हाच्या तासांत वीज स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग. महाराष्ट्रात नवा मीटर असलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत ठरली. काकूंचं वॉशिंग मशीन सकाळी सातला लागायचं, ते आता अकराला लागतं. इस्त्री दुपारी. इलेक्ट्रिक स्कूटर असेल आणि कामाच्या ठिकाणी सोय असेल, तर तिथे दिवसा चार्ज करा.

वेळ बदलण्याइतकंच मोल मुळात कमी वापरण्याचं आहे. घरातला जुना पंखा ७०-८० वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा साधारण ३० वॅट. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिटांच्या जागी ११. असे तीन पंखे बदलले तर ४८ युनिट वाचतात, आणि ते बिलाच्या वरच्या, महाग टप्प्यातून वाचतात. एसी २४ वर ठेवा. एकेक अंश खाली नेला की वीज साधारण ६ टक्क्यांनी वाढते. आणि पंख्याची बचत रात्रीची असते, म्हणजे कोळसा सगळ्यात जास्त जळतो त्या वेळची, म्हणून ती मला दुप्पट मोलाची वाटते. पुण्यातल्या गच्च्यांवरचे सोलर बंब तर कित्येक वर्षांपासून हेच करतायत: आजचं ऊन उद्याच्या आंघोळीला.

"पण माझ्या एका पंख्याने काय होणार?" असं कुणी म्हटलं की मला ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन होतं. फक्त दिवे, पंखे-फ्रिज चालू. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली. ग्रीड सांभाळणाऱ्यांनी जलविद्युत केंद्रं आधी वर चढवून ठेवली होती, ती झपाट्याने खाली-वर करून त्यांनी ते पेललं. घराघरातल्या एकेका बटणाची बेरीज एवढी होते.

आमच्या सोसायटीचा पंप सकाळी सहा आणि संध्याकाळी सात असा दोनदा चालायचा. कुणी ठरवलेलं नव्हतं, पहिल्यापासून तसंच होतं. गेल्या महिन्याच्या सभेत काकूंनीच विषय काढला. आता वॉचमनच्या खोलीत स्टार्टरजवळ खडूने वेळ लिहिली आहे: पंप ११ ते १२.३०. टाकी संध्याकाळी आठला अजून अर्ध्याच्या वर असते, काकू स्वतः गच्चीवर जाऊन बघून येतात.